घरच्या सहा माणसांसाठी वापरलेली फोर बाय फोर : कोणती घ्यावी आणि बघताना काय तपासावं?

ओढ्यापलीकडे

नमस्कार मंडळी. वापरलेली फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणारी गाडी घ्यायची आहे, जाणकारांचा सल्ला हवा आहे.

राहायला पुण्यात सिंहगड रोडला, शेत वेल्ह्याच्या आत. (आता राजगड तालुका.) डांबरी रस्ता संपल्यावर साधारण तीन किलोमीटर कच्चा रस्ता आहे. आधी ओढा, मग लाल मातीचा उभा चढ, आणि चढाच्या मधोमध एक वळण. जानेवारीत तिथून कुठलीही गाडी जाते. जूनच्या शेवटी मात्र चढावर मुरूम वाहून जातो, चाकोऱ्या खोल होतात आणि गाडी खालीच लावून चालत जावं लागतं. बाबांच्या गुडघ्यांना आता तो चढ झेपत नाही आणि शेतावर गेल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. म्हणून हा सगळा खटाटोप.

माणसं सहा : आई-बाबा, आम्ही दोघं, मुलगी नऊ वर्षांची, मुलगा चार वर्षांचा. बजेट नऊ लाख. त्यात नावावर करण्याचा खर्च, टायर आणि सुरुवातीची कामं धरली आहेत. डिझेल, मॅन्युअल. रोज ऑफिसला नेणार नाही, त्यासाठी घरची छोटी गाडी आहे.

डोळ्यासमोर असलेल्या गाड्या : स्कॉर्पिओ फोर बाय फोर, सफारी स्टॉर्म फोर बाय फोर, हेक्सा फोर बाय फोर, डस्टर एडब्ल्यूडी (हीही चारही चाकांना ताकद देणारी), आणि बजेटमध्ये बसली तर जुनी एन्डेव्हर.

प्रश्न दोन. यातली कोणती? आणि बघायला गेल्यावर नक्की काय तपासायचं? जाहिरातीत सगळ्याच गाड्या ‘डॉक्टर मेन्टेन्ड, फर्स्ट ओनर’ असतात.

घाटवाट

आधी माणसं मोजा, अर्धी यादी तिथेच गळते. डस्टर एडब्ल्यूडी कच्च्या रस्त्याला फार गुणी गाडी आहे. पहिला गिअर मुद्दाम आखूड ठेवलेला, मागचं सस्पेन्शन स्वतंत्र, वजन कमी. पण सीट पाच. थार आणि जिम्नी चार माणसांच्या. तुम्हाला तिसरी रांग लागणारच, म्हणजे उरल्या स्कॉर्पिओ, स्टॉर्म, हेक्सा आणि एन्डेव्हर.

आता चढ. तुम्ही वर्णन केलंय तसा चढ लो रेंजचं, म्हणजे गाडी खूप हळू पण जास्त जोराने चालवणाऱ्या जादा गिअरचं, काम आहे. सहा माणसं आणि सामान घेऊन वळणावर थांबावं लागलं, तर साध्या पहिल्या गिअरमध्ये पुन्हा सुटताना क्लच जळतो. लो रेंजमध्ये गाडी क्लच न घासता मुंगीच्या पावलांनी वर चढते. उतरताना त्याचा उपयोग आणखी मोठा. ब्रेकला हात न लावता इंजिनच गाडी धरून ठेवतं, आणि ओल्या मातीवर ब्रेक लावणं हेच घसरण्याचं पहिलं कारण असतं.

स्कॉर्पिओ आणि स्टॉर्म दोन्हींत लो रेंज आहे, बटण फिरवून लागते. हेक्साचा फोर बाय फोर वेगळ्या जातीचा. गरज पडेल तशी ताकद पुढच्या चाकांना जाते, लो रेंज नाही. हायवेला आणि बसायला हेक्सा या तिघींत सर्वांत आरामदायी, पण तुमचा चढ डोळ्यासमोर ठेवला तर मी ती मागे ठेवीन.

स्टॉर्म २०१२ मध्ये आली, २०१९ च्या सुमारास बंद झाली. शेवटच्या काही वर्षांतली व्हॅरिकॉर ४०० इंजिनवाली मिळाली तर बघा : १५६ पीएस, ४०० न्यूटन-मीटर. २०१७ मध्ये लष्करानेही तीन हजारांवर सफारी स्टॉर्म मागवल्या होत्या, त्या याच घराण्यातल्या. स्कॉर्पिओत २०१४ नंतरचं मॉडेल बघा. नोव्हेंबर २०१७ पासून वरच्या व्हेरिअंटना १४० अश्वशक्तीचं इंजिन आहे.

रानवेडा_भोर

मी त्याच भागातला, पलीकडच्या खोऱ्यात राहतो. एक विचारतो. तुमच्या वाडीतले लोक त्या चढावर काय चालवतात?

आमच्याकडे दुधाची पिकअप वर्षभर जाते, फोर बाय फोर नाही. टू-व्हील बोलेरो जातात. मागच्या चाकांना ताकद, मागे वजन, अरुंद टायर आणि रस्त्याची सवय झालेला ड्रायव्हर. बोलेरो निओमध्ये एन१० ऑप्शन म्हणून व्हेरिअंट आहे. त्यात मागचा डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारा गिअरचा गोळा) आपोआप लॉक होतो. एक चाक हवेत फिरायला लागलं की दुसऱ्याला जोर मिळतो. सात सीटची आहे, सर्व्हिस तालुक्याच्या गावी होते, पार्ट कुठेही मिळतो.

फोर बाय फोर वाईट असं माझं म्हणणं नाही. पण जुन्या फोर बाय फोरमध्ये बिघडायला दुप्पट वस्तू असतात हे लक्षात घ्या.

घाटवाट

रानवेडा यांचा मुद्दा खरा आहे. पण पिकअपचा ड्रायव्हर रोज जातो. कुठला दगड कालच्या पावसात सरकला हे त्याला माहीत असतं. धागाकर्ते महिन्यातून दोनदा जाणार, मागे आई-बाबा आणि लहान मुलं. त्यांना चूक झाली तरी सांभाळून घेणारी गाडी हवी. लॉकिंग डिफरन्शियल चांगलाच आहे, पण ओल्या मातीच्या चढावर पुढची चाकं ओढत असली की गाडी वळणावर दिशा धरून राहते. नुसत्या मागच्या ताकदीवर शेपूट दरीकडे सरकते.

अनघा_कोथरूड

गाडी कोण चढवते यावर दादालोक बोलतच आहेत. मी मुलांचं बोलते.

तिसऱ्या रांगेचं नीट बघा. स्कॉर्पिओच्या बऱ्याच व्हेरिअंटमध्ये मागच्या सीट आडव्या, एकमेकींसमोर असतात. त्यावर मूल बसवू नका. आडव्या बसलेल्या शरीराला समोरून धक्का बसला की पट्टा असूनही उपयोग होत नाही, आणि बहुतेक गाड्यांत तिथे धड पट्टाच नसतो. बोलेरो निओच्या मागच्या सीटही तशाच. पुढे तोंड असलेली तिसरी रांग हवी, हे ठरवूनच गाड्या बघायला जा.

दुसरं, एअरबॅग. जुन्या गाड्यांत खालच्या व्हेरिअंटना त्या नसायच्या. गाड्यांच्या अपघात-चाचण्या घेणाऱ्या ग्लोबल एनकॅपने २०१६ मध्ये एअरबॅग नसलेल्या स्कॉर्पिओला शून्य तारे दिले होते. २०२२ च्या स्कॉर्पिओ-एनला पाच मिळाले, पण ती पूर्णपणे वेगळी गाडी आहे. जाहिरातीतले पाच तारे जुन्या स्कॉर्पिओला चिकटवू नका. बोलेरो निओला २०२४ मध्ये एकच तारा मिळाला. उंच, जड गाडी म्हणजे सुरक्षित गाडी असं आपल्याकडे सर्रास समजतात, ते खरं नाही.

चार वर्षांच्या मुलासाठी चाइल्ड सीट लागेल. गाडी बघायला जाताना ती सोबत घेऊन जा आणि मधल्या रांगेत बसवून बघा. पट्टा पुरतो का, सीट डगमगते का, ती लावल्यावर आजोबांना मागे जायला वाट उरते का. कोणत्याही विक्रेत्याने याला नकार द्यायचं कारण नाही.

ओढ्यापलीकडे

अनघाताई, आडव्या सीटचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नसता. मनापासून आभार. म्हणजे स्टॉर्म किंवा स्कॉर्पिओ, पण तिसरी रांग कशी आहे ते बघूनच. एन्डेव्हरबद्दल कोणी सांगेल का?

डिझेल_धूर

एन्डेव्हर २०१६ नंतरची : तिसरी रांग पुढे तोंडाची, वरच्या व्हेरिअंटला सात एअरबॅग, ३.२ लिटर पाच सिलिंडर इंजिन, पाण्यातून जायची क्षमता कंपनीच्या आकड्याप्रमाणे ८०० मिलिमीटर. गाडी म्हणून या यादीत हिला तोड नाही. पण फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं. सर्व्हिस चालू आहे, नेहमीचे फिल्टर, ब्रेक पॅड मिळतात. मोठा पार्ट लागला की वाट बघायची तयारी ठेवा. नऊ लाखांत जी मिळेल ती बरीच पळालेली असेल आणि तिची दुरुस्ती मूळच्या तीस लाखांच्या गाडीच्या दराने होईल. हा हिशोब लोक विसरतात. गाडी स्वस्त झाली तरी तिचे इंजेक्टर स्वस्त होत नाहीत.

बीएस-सहा की बीएस-चार (धुराच्या प्रदूषणाचे नवे आणि जुने नियम) हेही ठरवा. एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांना डीपीएफ असतो, म्हणजे सायलेन्सरमधली काजळी अडवणारी जाळी. ती साफ व्हायला गाडी अधूनमधून हायवेवर सलग पळवावी लागते. महिन्यातून दोनदा शेतावर जाऊन एरवी उभी राहणाऱ्या गाडीला ती कटकट आहे. तुमच्या वापराला शेवटच्या काळातली बीएस-चार जास्त सोयीची.

पाना_दहाबारा

गॅरेज चालवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मॉडेलवर तुम्ही आठवडाभर वाद घाला, पण शेवटी विकत घेता ती एक ठरावीक गाडी. चांगल्या मॉडेलची वाईट वापरलेली गाडी घेण्यापेक्षा साध्या मॉडेलची नीट ठेवलेली गाडी घ्या. गिऱ्हाइकासोबत गाडी बघायला जातो तेव्हा मी याच क्रमाने तपासतो.

पहिली गोष्ट फोनवर. ‘इंजिन थंड ठेवा, मी आल्यावरच चालू करू’ असं सांगायचं. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवायचा. गरम लागला तर का तापवली ते विचारायचं. थंड इंजिन कसं उचलतं, पहिला धूर कोणत्या रंगाचा, किती वेळ टिकतो, टक-टक आवाज येतो का, हे एकदाच बघायला मिळतं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर थांबतच नसेल तर पाणी आत जातंय किंवा इंजेक्टर गेलेत. चालू इंजिनवर ऑइल भरायचं झाकण सैल करून बघा. थोडी वाफ चालते. झाकण उडतंय आणि धूर भपाभपा बाहेर येतोय अशी गाडी सोडून द्या.

चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवरचे सगळे दिवे पेटले पाहिजेत आणि मग विझले पाहिजेत. चेक इंजिन, एबीएस, एअरबॅग, फोर बाय फोर. जो दिवा पेटतच नाही त्याचा बल्ब कोणीतरी काढलाय. यासाठी मुद्दाम लक्ष ठेवा, कारण दोन सेकंदांत सगळं होऊन जातं.

मग फोर बाय फोर. यात फसवणूक सर्रास चालते. मागच्या दारावर स्टिकर असतं, बटणही असतं, आणि आत काही चालत नसतं. गाडीखाली वाकून बघा. पुढच्या दोन चाकांच्या मध्ये डिफरन्शियलचा गोळा आणि गिअरबॉक्सकडून त्याच्यापर्यंत येणारा शाफ्ट दिसला पाहिजे. ट्रायल घेताना डांबरी रस्त्यावर फोर-हाय (चारही चाकं, नेहमीचे गिअर) लावून वळवू नका, सगळा ताण गिअरमध्ये अडकून पार्ट तुटतात. मोकळी माती किंवा खडी असलेली जागा शोधा. तिथे आधी टू-हायमध्ये (फक्त मागची चाकं) स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरा, गाडी सहज फिरेल. मग फोर-हाय लावून तसंच फिरा. आता गाडी अडखळत, हिसके देत फिरली पाहिजे. ते अडखळणं हीच पुढची चाकं लागल्याची खूण. काहीच फरक जाणवला नाही, तर लागलेली नाहीत. फोर-लोसाठी (चारही चाकं, लो रेंज) गाडी थांबवून, न्यूट्रल करून, क्लच दाबून बटण फिरवायचं. दिवा नुसताच लुकलुकत राहिला तर मोटर किंवा वायरिंगचं काम आहे. बऱ्याच जणांनी ही गाडी वर्षानुवर्षं टू-हायमध्येच चालवलेली असते. न वापरल्याने मोटर जाम होते. घेतल्यावर महिन्यातून एकदा मातीत लावून थोडी फिरवत जा.

डिफरन्शियलचं ऑइल बघा. दोन्हीकडचं, आणि ट्रान्स्फर केसचंही (गिअरबॉक्सची ताकद पुढे-मागे वाटणारी पेटी). भरायचा नट सोडून बोट आत घाला. बोटावर काळपट किंवा मधाच्या रंगाचं ऑइल आलं तर ठीक. दुधाळ, चहासारखं आलं, तर पाणी शिरलंय. ओढ्यात गाडी बुडवून नंतर ऑइल न बदलणाऱ्यांची ती खूण. विक्रेता नट सोडू देत नसेल तर गॅरेजमध्ये रॅम्पवर घेण्याची अट घाला.

रॅम्पवर चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, बघायची. या गाड्यांचा सगळा भार तिच्यावर असतो. दोन लांब पट्ट्या पुढून मागपर्यंत हाताने चाचपत जा. वेल्डिंगची नवी रेघ, सरळ पट्टीला आलेला बाक, एकाच ठिकाणी लावलेला ताजा काळा रंग, यातलं काहीही दिसलं तर विचारा, आणि उत्तर पटलं नाही तर निघा. पत्रा बदलता येतो, चेसिस सरळ करून पूर्वीसारखी होत नाही. पुढच्या अ‍ॅक्सलचे रबरी बूट फाटलेत का, शाफ्टच्या क्रॉसमध्ये ढिलाई आहे का, शॉकअब (शॉक अब्सॉर्बर) गळतायत का, हेही तिथेच कळतं.

टायर चारही एकाच कंपनीचे, एकाच मापाचे आणि साधारण सारखे झिजलेले हवेत. फोर बाय फोरला चाकांच्या घेरातला फरक सोसत नाही. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. स्टेपनीवरचा आकडा आवर्जून बघा. मीटरवर चाळीस हजार, पण गाडीला दुसरा सेट लागून तोही गुळगुळीत झालाय, म्हणजे मीटर मागे फिरवलंय. क्लच पेडलचं रबर, ड्रायव्हरच्या सीटची कड आणि स्टिअरिंगवर अंगठे टेकतात ती जागा खोटं बोलत नाही.

शेवटी गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावा. सगळे कोड नुकतेच पुसलेत का हेही त्यात कळतं.

वऱ्हाडी_काळीमाती

पाना भाऊ, एक नंबर लिहिलं.

आमच्याकडच्या काळ्या मातीचा अनुभव म्हणून टायरबद्दल सांगतो. काळ्या चोपणात फोर बाय फोर असूनही गाडी बसते, कारण टायरच्या खाचा मातीने भरून चाक गुळगुळीत होतं. मग चारही चाकं फिरतात अन् गाडी जागची हलत नाही. लाल मातीत अन् मुरमात तितका त्रास नाही, पण शहरातल्या टायरवर तुमचा चढ कठीणच. ऑल-टेरेन टायर टाका, चारही अन् स्टेपनी. हायवेवर आवाज थोडा वाढतो, अ‍ॅव्हरेज थोडं कमी होतं. कच्च्या रस्त्याला लागलं की हवा थोडी कमी करायची अन् डांबरीवर येताच पुन्हा भरायची. बारा व्होल्टचा छोटा पंप गाडीत ठेवा. नऊ लाखांतले टायरचे पैसे पहिल्या दिवसापासून बाजूला काढून ठेवा.

गुरुग्रामवासी

मी मूळचा नाशिकचा, नोकरीमुळे इकडे. दिल्लीच्या गाडीचा विषय निघेलच म्हणून आधीच लिहितो.

इकडे डिझेल एसयूव्ही स्वस्त दिसतात. कारण माहीत असेल : राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती उचलून धरली. त्यावर पुढेही घडामोडी होत राहिल्या, पण भीतीने लोक आठव्या-नवव्या वर्षीच गाडी काढतात. त्यात खरंच चांगल्या ठेवलेल्या गाड्या असतात, कोकणी गंजही नसतो.

पण दिसणाऱ्या किमतीवर जाऊ नका. महाराष्ट्रात नेल्यावर तिथल्या आरटीओचा रोड टॅक्स पुन्हा भरावा लागतो. नव्या डिझेल गाडीला तो १३ ते १५ टक्के असतो, जुन्या गाडीला वयाप्रमाणे घट मिळते. इकडच्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८, पोलिसांचा दाखला, नवीन नंबरसाठी फॉर्म २७, प्रवासाचा खर्च, आणि एजंट धरलात तर त्याचे पैसे. इकडे भरलेला टॅक्स परत मागता येतो, पण तो मूळ मालकाच्या राज्यातून मिळवायचा असतो आणि त्याला चिकाटी लागते. हे सगळं धरून वीस-पंचवीस टक्क्यांचा फरक उरत असेल तरच दिल्लीकडे बघा. माझ्या मते, सहा माणसांची गाडी न बघता, ट्रेलरवर मागवून घेऊ नये.

कृष्णाकाठ

गंजाचा विषय निघालाय तर पुराचाही बोलू. २०१९ आणि २०२१ च्या पुरात आमच्या सांगली-कोल्हापुरात आणि २२ जुलै २०२१ ला चिपळुणात शेकडो गाड्या पाण्याखाली गेल्या. त्यातल्या कित्येक धुऊन, सुकवून, लांबच्या शहरांत विकल्या गेल्या. अजूनही फिरत आहेत.

माझ्या मामेभावाला अशीच एक मोठी गाडी पुण्यातल्या एका डीलरने दाखवली. आतून लखलखीत, सीटकव्हर नवी, अत्तराचा घमघमाट. भाऊ किंमत पाडून सौदा करायच्या बेतात होता. मी ड्रायव्हरचा सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढला. रोज वापरात येतो तेवढा पट्टा स्वच्छ, आणि त्याच्या पुढे, जिथे तो रिळात गुंडाळलेला असतो तिथे, पिवळट गाळाची सरळ आडवी रेघ. त्यावरून पाणी किती उंच चढलं होतं तेही कळलं. डीलर म्हणाला, ‘चहा सांडला असेल.’ आम्ही निघून आलो.

सीटबेल्ट धुवायचं कोणाला सुचत नाही. तसंच सीटखालच्या रुळांचे स्क्रू, फ्यूज बॉक्सचे कोपरे, हेडलाइटच्या आतली काच, स्टेपनीचा खड्डा, कार्पेटखालचा फोम. फोम दाबून हात हुंगून बघा. अत्तराने वरचा वास जातो, फोममधला जात नाही.

दर्यागंध

गोव्याहून. किनाऱ्यावरच्या गाडीबद्दल एवढंच सांगेन की वरून बघून काही कळत नाही. खारं वारं खालून खातं. मागच्या चाकांच्या वरची चेसिस, ब्रेकच्या लोखंडी नळ्या, डिझेल टाकीचे पट्टे, सायलेन्सरचे हँगर इथे बघा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने चेसिसवर ठोका. घट्ट आवाज आला पाहिजे. भुसभुशीत आवाज येऊन खपल्या पडत असतील तर ती गाडी घाटावर नेऊनही वाचत नाही.

कागदपत्री

यंत्राचं झालं, आता कागद. इथे माणसं घाई करतात.

टोकन द्यायच्या आधी नंबर एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर टाका. मालकाचा अनुक्रमांक, कर्जाचा बोजा, विम्याची मुदत, उत्सर्जनाचा प्रकार सगळं दिसतं. मॉडेलच्या रकान्यात बहुधा व्हेरिअंटचं पूर्ण नाव असतं, त्यावरून कारखान्यातून फोर बाय फोर निघाली होती का ते कळतं. इंजिन आणि चेसिस नंबर गाडीवर प्रत्यक्ष वाचून आरसीशी ताडून बघा. चलनं वेगळी तपासा, थकलेली विक्रेत्याकडून भरून घ्या. एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवली आहे का बघा. बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि सही केलेला फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या तुमच्यासमोर. कोऱ्या फॉर्मवरच्या सह्या चालवून घेऊ नका.

विमा. नो क्लेम बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही. तो विक्रेत्याकडे राहतो, म्हणून तुमचा पुढचा हप्ता त्याच्यापेक्षा जास्त येईल. पॉलिसी १४ दिवसांच्या आत तुमच्या नावावर करायचा अर्ज द्या. थर्ड पार्टी संरक्षण गाडीबरोबर येतं, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा दुसऱ्याच्या नावच्या पॉलिसीवर अडतो.

विकणाऱ्यांसाठीही लिहितो : नाव बदललं नाही तर अपघाताची जबाबदारी आरसीवर ज्याचं नाव आहे त्याच्यावर येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. ‘भाऊ, नंतर करून घेतो’ म्हणणाऱ्याला गाडी देऊ नका.

आणि गाडीचं वय. पंधरा वर्षांनी नोंदणी नव्याने करावी लागते, तीही पाचच वर्षांसाठी. फिटनेस आणि पर्यावरण कर वेगळा. त्यामुळे दहा-अकरा वर्षांची गाडी घेताना पुढे किती वर्षं हातात उरतात ते मोजा.

ओढ्यापलीकडे

सर्वांचे आभार. गेल्या पंधरवड्यात गाड्या बघून आलो, त्याचा वृत्तांत.

पहिली स्कॉर्पिओ, नगर रोडला. जाहिरातीत फोर बाय फोर, दारावर बिल्ला, आत बटण. पाना यांच्या सांगण्यावरून खाली वाकलो. पुढचा डिफरन्शियल जागेवर, पण गिअरबॉक्सकडून येणारा शाफ्टच नाही! ट्रान्स्फर केसच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी तारेने आवळून बांधलेली. मालकाने शांतपणे सांगितलं, ‘आवाज करायचा म्हणून काढून ठेवला, घरी आहे.’ नमस्कार करून निघालो.

दुसरी स्टॉर्म, २०१७ ची, व्हॅरिकॉर ४००. साताऱ्याच्या पुढे एका ऊस बागायतदारांची. पहिले मालक, सर्व्हिसची सगळी बिलं फायलीत तारखेनुसार लावलेली. काकांनी इंजिन थंड ठेवलं होतं. पहिला धूर हलका, लगेच गेला. शेताच्या बांधावरच गोल फिरून बघितलं. फोर-हाय लागला, हिसके व्यवस्थित जाणवले. फोर-लो लागायला वेळ घेतला, दोनदा दिवा लुकलुकला, तिसऱ्यांदा लागला. सीटबेल्ट शेवटपर्यंत स्वच्छ. चाइल्ड सीट मधल्या रांगेत नीट बसली, बाबा तिसऱ्या रांगेत चढून बसले आणि ‘गुडघे जरा वर येतात, पण तीन किलोमीटरला चालेल’ म्हणाले. हायवेला ते मधल्या रांगेत आणि आमच्यापैकी एक जण मागे, असं ठरलं.

काकांनीच ओळखीच्या गॅरेजात रॅम्पवर घेतली. चेसिस सरळ, वेल्डिंग नाही. मागच्या डिफरन्शियलचं ऑइल चांगलं, पुढचं मात्र दुधाळ निघालं. टायर गेलेले. मागचे शॉकअब ओलसर.

आता पाना यांना थेट विचारतो : पुढचं ऑइल दुधाळ, फोर-लोला उशीर. घ्यावी का?

पाना_दहाबारा

ऑइल काढून टाका आणि चाळणीतून गाळा. लोखंडाचे तुकडे किंवा चमकणारी जाड भुकटी नसेल तर आत नुकसान झालेलं नाही. नवीन ऑइल, सील आणि वर जाणारी हवेची नळी बदलायची. त्या नळीतूनच पाणी आत ओढलं जातं. गरम डिफरन्शियल थंड पाण्यात गेला की तो आत हवा खेचतो. नळी उंच, बॉनेटपर्यंत नेऊन बांधा, तुमच्या ओढ्याला ते गरजेचंच आहे. शंभर किलोमीटर चालवून ऑइल पुन्हा बदला. तुकडे निघाले तर मात्र सौदा थांबवा, पुढचा डिफरन्शियल उघडल्याशिवाय किंमत ठरवता येणार नाही.

फोर-लोचा उशीर न वापरल्याने दिसतो. मोटर सोडवून साफ करून, ग्रीस करून बघा. नाहीच सुधारली तर मोटर बदलायची. त्या मोटरचे आणि शॉकअबचे पैसे किमतीतून कमी करायला सांगा. ज्या माणसाने स्वतः गाडी रॅम्पवर चढवली तो ऐकून घेईल.

ओढ्यापलीकडे

ऑइल गाळलं. तुकडे नाहीत, बारीक राखाडी चिखल होता फक्त. काकांनी टायर आणि शॉकअब मिळून रक्कम कमी केली, मोटर साफ केल्यावर फोर-लो पहिल्या झटक्यात लागतोय. बँकेचा बोजा नव्हता. फॉर्म २९, ३० वर सह्या झाल्या, विमा नावावर करायचा अर्ज दिला. ऑल-टेरेन टायर या आठवड्यात बसतील.

एकच प्रश्न उरला. गॅरेजवाले चेसिसला काळं रबरी कोटिंग मारायचा आग्रह करतायत. मारावं का?

दर्यागंध

आत्ता नको. गंजावर रबरी कोटिंग मारलं की पाणी आतच अडकतं आणि गंज झाकून वाढतो. आधी खालून दाबाच्या पाण्याने धुवा, दोन दिवस उन्हात पूर्ण सुकवा, सुटा गंज तारेच्या ब्रशने काढा, तिथे प्रायमर लावा. मग मेणाचं कोटिंग. ते मऊ राहतं, त्याला तडे जात नाहीत. चेसिसच्या पट्ट्यांच्या आतही मारून घ्या, पाणी निघायची भोकं मात्र बुजवू देऊ नका. आणि हे काम पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या सुमारास करा.

पाना_दहाबारा

दर्यागंध यांना अनुमोदन. एक भर : शेतावरून आल्यावर चेसिसच्या कडेला आणि चाकांच्या कमानीत अडकलेला चिखल दुसऱ्याच दिवशी धुऊन टाका. ओढ्यात शिरण्याआधी पायी जाऊन खोली बघा, पाणी चाकाच्या मध्याच्या वर असेल आणि वाहतं असेल तर त्या दिवशी जाऊ नका, गाडी कुठलीही असो.